तेरकेलिनचा लोखंडी पिंजरा

डोंगरातल्या बेरास्तागी गावाहून काबानजाहेला जाताना चढ संपून सपाटी लागते. तिथंच डाव्या हाताला तेरकेलिन तारिगानचं टायरचं दुकान होतं. पत्र्याचं छप्पर, तेलानं काळी पडलेली सिमेंटची जमीन, भिंतीशी रचलेली जुनी टायरं, आणि अगदी दर्शनी भागात जमिनीत पक्का रोवलेला एक लोखंडी पिंजरा. नवीन गिऱ्हाईक गाडीतून उतरला की आधी त्या पिंजऱ्याकडे बघायचा आणि इथं अस्वल पाळलंय का म्हणून विचारायचा. तेरकेलिनला थट्टा कळायची, पण ती परतवायला जमायची नाही. तो नुसती मान हलवायचा आणि चाक आत सरकवून कडी लावायचा.

पिंजरा त्यानं स्वतःच्या हातानं जोडला होता. लग्नाआधी तो खाली मेदान शहरात बसच्या एका डेपोत टायरखात्यात होता. हवा भरताना टायर फुटलंच तर गजांनी अडावं म्हणून बसच्या चाकात हवा भरायची ती पिंजऱ्यातच, असा तिथला दंडक होता. डेपो सोडून तो डोंगरात परत आला तेव्हा ही सवय त्याच्या हाडात मुरली होती. इथं रस्त्यावरच्या बाकीच्या दुकानांत चाक जमिनीवर आडवं टाकायचे, त्यावर एक पाय ठेवायचे आणि हवा सोडायचे. तेरकेलिनचं तसं नव्हतं. आधी तो टायरवरचा आकडा आणि रिमवरचा आकडा बोट ठेवून वाचायचा. दोन्ही जुळले तरच पुढचं काम. मग फडकं घेऊन टायरच्या आतून हात फिरवायचा. खिळा, तार, फाटलेला धागा, काहीही हाताला लागलं की थांबायचा. रिमचा गंज खरवडायचा, कडेला साबणाचं पाणी लावायचा, व्हॉल्व्हमधली पिन काढायचा, आणि टामीनं टायर चढवून झालं की चाक पिंजऱ्यात. हवेची नळी त्यानं मुद्दाम लांब ठेवली होती, टोकाला चिमटा बसवला होता. नळी अडकवायची, आपण बाजूला जाऊन उभं राहायचं, काट्यावर नजर ठेवायची. टायरची कड रिमवर बसताना टप्प असा आवाज होतो. तो आवाज दोन्ही बाजूंनी आला की त्याचा चेहरा जरा सैल पडायचा. नाही आला तर आणखी हवा भरून कड बळंच बसवायची नाही, सगळी हवा सोडून पुन्हा पहिल्यापासून. गिऱ्हाईक कंटाळायचे. काहीजण पुढच्या दुकानात जायचे. तेरकेलिन कुणालाही अडवायचा नाही.

त्याची बायको मालेम, सेंबिरिंगांची. तिला एकच भाऊ, उकुर, तिच्यापेक्षा मोठा. वडील लवकर गेले, आईनं दोघांना संत्र्याच्या बागेत राबून वाढवलं. आमच्या डोंगरातल्या लोकांत पहिलं मूल झालं की बाई त्याच्या नावानं ओळखली जाते, तसं आईला सगळं गाव नांदे उकुर म्हणायचं, म्हणजे उकुरची आई. तिचं खरं नाव सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

उकुर पिकअप चालवायचा. डोंगरातली कोबी, बटाटे, संत्री भरून मेदानच्या बाजारात पोचवायची. उंच, तोंडानं सैल, जाईल तिथं ज्याला बाकावर जागा करून दिली जाते असा माणूस. सिनाबुंग ज्वालामुखीनं राख ओकली त्या हंगामात शेतंच्या शेतं करडी झाली, माल निघेना, आणि उकुरनं गाडी विकून टाकली. मग तो मेव्हण्याच्या दुकानात यायला लागला. आधी नुसता गप्पा मारायला, मग हळूहळू हातात टामी घेऊन.

इथं तेरकेलिनची खरी पंचाईत झाली. सासुरवाडीचा मान आमच्याकडे देवाच्या खालोखाल असतो. बायकोच्या भावाला बसायला चांगली जागा द्यायची, जेवताना आधी त्याला वाढायचं, त्याच्यापुढं आवाज चढवायचा नाही. अशा माणसाला हाताखाली कसं वागवायचं? तेरकेलिननं त्याला कधी काम सांगितलं नाही. विनंतीच करायचा. आणि उकुर विनंती हसत ऐकायचा, कधी मानायचा, कधी नाही.

"सिलिह, तेवढं चाक पिंजऱ्यात ठेवून भरतोस का?" तेरकेलिन म्हणायचा. मेव्हणे-मेव्हणे एकमेकांना सिलिह म्हणतात.

"का? त्यानं गुन्हा काय केलाय?"

"ठेव ना. मला बरं वाटेल."

"तुला बरं वाटावं म्हणून ठेवतो बाबा. नाहीतर माझी बहीण मला जेवायला घालायची नाही."

आणि ठेवायचा. बहुतेक वेळा ठेवायचा. काम चपळ होतं त्याचं, तेरकेलिनपेक्षा दुप्पट वेगानं टायर उतरवायचा. त्याच्या बोलण्यासाठी म्हणून गिऱ्हाईकं यायला लागली. तेरकेलिनलाही तो हवासा वाटायचा. एकट्यानं मुकाट काम करायची सवय असलेल्या त्या माणसाच्या दुकानात पहिल्यांदाच दिवसभर हसण्याचा आवाज होता.

सोमवारच्या बाजाराला नांदे उकुर गावातून यायची. डोक्यावर घडीचं कापड, पिशवीत संत्री, तोंडात पान. आता जावई आणि सासू यांनी एकमेकांशी थेट बोलायचं नाही, एका बाकावर बसायचं नाही, एकमेकांना शिवायचं नाही, हा आमच्याकडचा जुना नेम. मालेमच्या घरात तो कसोशीनं पाळला जायचा. तेरकेलिन सासूला मामी म्हणायचा, पण तेही तिसऱ्याजवळ बोलताना. दोघांना काही सांगायचं असलं की मध्ये कुणीतरी लागायचं, आणि दुकानात हे काम उकुरकडे असायचं. तो ते फार मजेनं करायचा. आई म्हणायची, "त्याला विचार, मुलांचा खोकला गेला का." उकुर वळून सांगायचा, "मामी विचारतेय, तू एवढा वाळलास का, बायको उपाशी ठेवते का." तेरकेलिनला खरा प्रश्न ऐकू आलेला असायचा, तरी तो खाली बघून उत्तर द्यायचा, की मुलं बरी आहेत. आई उकुरच्या पाठीत धपाटा घालायची. अशा रीतीनं त्या दोघांत, एक शब्दही न बोलता, बरीच माया झाली होती.

ज्या दिवशी ते घडलं तो कामाचा साधा दिवस होता. साद्राख गिंतिंग नावाचा उकुरचा जुना दोस्त संत्र्यांनी भरलेली पिकअप घेऊन आला. मागचं एक चाक वाटेतच बसलं होतं. जवळची स्टेपनीही फाटकी, म्हणून त्यानं गाडी तशीच रेटत आणली होती, चढावर, एवढं ओझं घेऊन. त्याला संध्याकाळच्या आत मेदान गाठायचं होतं. तेरकेलिन तेव्हा एका मोटारीखाली झोपून तिचा सायलेन्सर बांधत होता. उकुर म्हणाला, तू राहा खाली, मी बघतो.

बिनहवेचं चाक वजनाखाली चाललं की टायरच्या बाजू रिम आणि रस्ता यांच्यामध्ये चिरडतात. आतल्या तारा तुटतात. बाहेरून काही दिसत नाही. टायर काढून आत हात घातला की काळा चुरा हाताला लागतो, मग ते टायर फेकायचं, त्यात पुन्हा हवा भरायची नाही. उकुरला हे माहीत होतं. तेरकेलिननं अशी टायरं त्याला दाखवली होती. पण साद्राख घड्याळ बघत होता, आणि भोक तर बाहेरूनच दिसत होतं, खिळ्याचं, छोटंसं. उकुरनं टायर उतरवलंच नाही. बाहेरून भोक बुजवलं. पिंजऱ्यात सकाळपासून तेरकेलिननंच ठेवलेलं दुसरं चाक होतं, ते बाहेर काढायचा त्याला कंटाळा आला असेल. त्यानं चाक भिंतीला टेकवून उभं केलं, लांब नळीऐवजी हातातली आखूड नळी घेतली आणि समोर वाकून हवा भरायला लागला.

गाडीखालून तेरकेलिनला कंप्रेसरचा आवाज ऐकू आला. नेहमीपेक्षा जास्त वेळ चाललेला. त्यानं झोपूनच विचारलं, "सिलिह, पिंजऱ्यात आहे ना?"

उकुर म्हणाला, "हो."

तेरकेलिन पुन्हा पान्हा फिरवायला लागला. आणि मग तो आवाज झाला. टायर फुटल्याचा आवाज त्यानं डेपोत ऐकला होता, पण हा छपराखाली, हाताच्या अंतरावर. त्याच्या डाव्या कानात काहीतरी बंद झालं ते पुढं कधीच उघडलं नाही. गाडीखालून सरपटत बाहेर आला तेव्हा सगळीकडे धूळ होती, आणि टायरची एक बाजू चेन उघडावी तशी सरळ रेषेत उसवली होती. उकुर समोरच्या भिंतीशी पडला होता. डोळे उघडे होते. साद्राख तेवढ्यात सिगरेट ओढायला रस्त्यापलीकडे गेला होता म्हणून वाचला. त्याच्याच पिकअपमध्ये, संत्री रस्त्यावर ओतून, त्यांनी उकुरला घातलं. पण गाडी तीन चाकांवर कशी चालणार? तेरकेलिन जिच्याखाली झोपला होता त्या मोटारीचा मालक धावत आला, त्याच्या गाडीतून नेलं. दवाखाना यायच्या आधीच उकुर गेला होता. सगळ्या वाटेत तेरकेलिन त्याचं डोकं मांडीवर धरून बसला होता. आपण काय बोलत होतो ते त्याला स्वतःला ऐकू येत नव्हतं.

असं अचानक आलेलं मरण आमच्याकडे एका दिवसाचं मरण म्हणतात, आणि त्याला लोक जरा भितात. प्रेत फार वेळ ठेवलं नाही. गावच्या जांबुरात, त्या मोठ्या उघड्या मांडवात, उकुरला ठेवलं, वाद्यं वाजली, नातेवाईक हात जोडून त्याच्यासमोर संथ पावलांनी नाचले, एकेकानं पुढं होऊन त्याला निरोपाचे शब्द सांगितले. तेरकेलिन त्यात नव्हता. सासरी मयत झालं की जावयानं राबायचं असतं. चूल पेटवायची, डुक्कर कापायचं, भाताची मोठी पातेली उतरवायची, चहा फिरवायचा. तो मांडवाच्या मागे धुरात उभा होता. ज्याचं डोकं मांडीवर घेऊन आला त्याच्या मयताचा भात तो शिजवत होता. वाढायला पुढं गेला की लोक बोलायचे थांबत. नांदे उकुर मुलाच्या उशाशी बसली होती. तिनं ताट घेतलं नाही. ताट ठेवणारा हात कुणाचा ते तिला दिसलं होतं.

दफन झाल्यावर घरची माणसं चटईवर बसली. मालेमचा चुलता वयानं मोठा, त्यानं तोंड उघडलं. तो शांतपणे बोलला, ते जास्त लागलं. म्हणाला, दुकान तुझं, हवा तुझी, पिंजरा तुझा. आमच्या वहिनीचा एकच मुलगा होता, तो तुझ्या छपराखाली होता. तू कुठं होतास?

"गाडीखाली होतो," तेरकेलिन म्हणाला.

"तू बघितलं नाहीस?"

"नाही बघितलं."

एवढंच बोलला. 'मी विचारलं होतं' हे तीन शब्द बोलता आले असते. ते त्याच्या जिभेवर आलेही. पण विचारलं होतं म्हटलं की पुढचा प्रश्न यायचा, मग तो काय म्हणाला? आणि त्याचं उत्तर देणं म्हणजे सगळ्यांदेखत, आईदेखत, त्या ताज्या मातीखालच्या माणसाला खोटं पाडणं. तेरकेलिन मान खाली घालून बसून राहिला. चुलत्यानं ते गप्प बसणं म्हणजे कबुली धरली. बाकीच्यांनीही धरली.

मालेमनं घरी आल्यावर स्वयंपाकघरात त्याला एकदाच विचारलं, की तुझं लक्ष नव्हतं का. तो म्हणाला, नव्हतं. ती मुलांना घेऊन आईकडे गेली. सोडून गेली असं नाही. आईला एकटं ठेवता येत नव्हतं, हे खरंच होतं. पण पहिले काही आठवडे तिनं निरोपही पाठवला नाही. नंतर परत आली, संसार पुन्हा सुरू झाला, फक्त दोघांच्या बोलण्यातून उकुर हे नाव गेलं. घरात कुणी ते उच्चारायचं नाही, आणि बाहेर आईला मात्र सगळे नांदे उकुर म्हणायचे, कारण दुसरं नाव नव्हतं. बाजारात कुणी तशी हाक मारली की ती क्षणभर थांबायची, मग ओ द्यायची.

तेरकेलिननं दुकान बंद ठेवलं आणि भावाच्या बटाट्याच्या शेतात कुदळ धरली. पण त्याला टायरखेरीज काही येत नव्हतं, आणि मुलं शाळेत होती. त्यानं दुकान पुन्हा उघडलं. लोक कमी यायचे. एका दिवसाच्या मरणानं गेलेला माणूस जागा सोडत नाही असं म्हणतात. काही ड्रायव्हर दुकानापुढून जाताना हॉर्न वाजवायचे, काही मुद्दाम वेग वाढवायचे. जे येत, त्यांना तो पार रस्त्यापलीकडे उभं करायचा. पिंजऱ्याच्या गजांवर त्यानं आणखी गज जोडले. तरीही कंप्रेसर सुरू करून नळी अडकवली की त्याचा हात झडपेवर तसाच राहायचा. गिऱ्हाईक विचारायचा, काय झालं. तो म्हणायचा, काही नाही, आणि मग झडप उघडायचा. एका कानानं ऐकायची सवय झाली नव्हती, त्यामुळं टप्प आवाज कुठल्या बाजूनं आला ते कळायचं नाही. तो दोनदोनदा वाकून तपासायचा.

नांदे उकुर सोमवारी बाजाराला यायची, पण दुकानाच्या बाजूनं चालायची नाही. पलीकडून जायची. एकदा तो बाहेर उभा असताना तिनं थांबून त्याच्याकडे बघितलं आणि बरोबरच्या बाईला मोठ्यानं सांगितलं, की काही माणसं दुसऱ्याच्या लेकराच्या अंगावर आपली भाकरी भाजतात. त्याला ते उजव्या कानानं नीट ऐकू आलं.

साद्राख मधूनमधून यायचा. त्यानं गाडी चालवणं सोडलं होतं. बसायचा, सिगरेट पेटवायचा, तशीच विझू द्यायचा. एके दिवशी म्हणाला, "मी ऐकलं होतं, तेरकेलिन. तू विचारलंस ते. तो हो म्हणाला तेही. त्यानं तेव्हा माझ्याकडे बघून डोळा मारला होता."

तेरकेलिननं हातातली टामी खाली ठेवली.

"मी घाई केली नसती तर. मी सांगतो तिला जाऊन. सगळं सांगतो."

"नको."

"का नको? म्हातारी तुला शिव्या देत फिरते."

"देऊ दे. तुझी घाई, माझं चाक पिंजऱ्यात पडलेलं, त्याचं ते 'हो'. कुणाकुणाचं किती, हे आता मोजून काय करायचं? तो उलट बोलायला येणार आहे का?" आणि जरा वेळानं म्हणाला, "एकुलता एक होता तो. तिच्यापाशी तेवढा तरी चांगला राहू दे."

साद्राखनं ते मानलं. पण त्याला ते पेललं नाही. ईस्टरच्या वेळी गावोगाव कबरी साफ करतात, गवत काढतात, फुलं ठेवतात, तेव्हा तो उकुरच्या कबरीवर गेला. नांदे उकुर तिथं एकटी गवत उपटत होती. तो तिच्याजवळ बसला आणि सगळं बोलून मोकळा झाला.

पुढच्या सोमवारी ती दुकानात आली.

दुकानामागच्या घरात मालेम नव्हती, मुलांच्या शाळेत गेली होती. गिऱ्हाईक नव्हतं. तेरकेलिन तिला बघून उठला, दोन पावलं मागे सरला आणि तोंड भिंतीकडे करून उभा राहिला. मध्ये बोलायला कुणीच नव्हतं. अशा वेळी आमच्याकडची माणसं एखाद्या वस्तूला मध्ये घालतात, खांबाला, भिंतीला, चुलीला. नांदे उकुर जुन्या टायरांच्या चवडीवर बसली. पिशवी मांडीवर घेतली. मग तिनं पिंजऱ्याकडे तोंड केलं.

"पिंजऱ्या, त्याला विचार, माझा मुलगा कुठं उभा होता."

तेरकेलिन भिंतीकडेच बघत होता. "पिंजऱ्या, मामीला सांग, त्या दारापाशी. जिथं आता पिंप ठेवलंय तिथं."

"विचार, त्याला त्रास झाला का."

"सांग, झाला नसावा. तो कण्हला नाही. वाटेत मी त्याचा हात धरला होता. हात गार होत गेला, एवढंच."

"तो काही बोलला का, विचार."

"नाही बोलला."

ती पानाचा तोबरा एका गालातून दुसऱ्या गालात घेत राहिली. रस्त्यावरून कोबीचा ट्रक गेला, पत्रे हादरले. तो पार लांब गेल्यावर ती म्हणाली, "आणि हे विचार, की तू त्याला आधी विचारलं होतंस का."

तेरकेलिनला हे अपेक्षित नव्हतं. तो म्हणाला, "पिंजऱ्या, मामीला सांग, कंप्रेसर चालू होता. कोण काय म्हणालं ते मला नीट आठवत नाही."

"त्याला सांग, खोटं बोलू नको म्हणावं. एक खोटं बोलून गेला, तेवढं पुरे. साद्राखनं मला सगळं सांगितलंय."

तिचा आवाज मग बदलला. ती पिंजऱ्याशीच बोलत होती, पण डोळे पिंजऱ्यावर नव्हते.

"सांग त्याला. माझं पोर खोटं बोललं आणि मेलं, आणि यानं ते एकट्यानं गिळलं. मी याला नको नको ते बोलले. बाजारात बोलले, चर्चमध्ये बोलले, लेकीसमोर बोलले. यानं सगळं खाऊन घेतलं. मला सकाळी उठलं की याला शिव्या द्यायच्या असायच्या, म्हणून मी उठायची. आता विचार त्याला, आता मी कुणाला शिव्या देऊ? माझ्या पोराला देऊ?"

तेरकेलिन म्हणाला, "पिंजऱ्या, मामीला सांग, मलाच दे म्हणावं. मला सवय झालीय."

नांदे उकुर रडली नाही. तिनं पदरासारखं डोक्यावरचं कापड पुढं ओढलं आणि बसून राहिली. तोही तसाच, भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मालेम मुलांना घेऊन परत आली तेव्हा तिला ते दोघं असे दिसले, आणि तिच्या हातातली पिशवी खाली पडली. आई तिला म्हणाली, "तुझ्या नवऱ्याला जेवायला वाढ. सकाळपासून उभा आहे."

त्यानंतर सगळं ठीक झालं असं म्हणता येणार नाही. चुलत्यानं आपलं मत कधी बदललं नाही. मालेमला नवऱ्याचा राग आला, की तू मलाही सांगितलं नाहीस, आपल्याच बायकोला परकी धरलंस, आणि हा राग आधीच्या रागापेक्षा जास्त दिवस टिकला. पण नांदे उकुर दर सोमवारी दुकानात यायला लागली. टायरांच्या चवडीवर बसायची. तेरकेलिन चाक पिंजऱ्यात घालायचा तेव्हा ती उठायची, गिऱ्हाईकांना हातानं मागे ढकलायची, कडी लागली का ते दुरून बघायची. मग पुन्हा बसायची. जावई-सासू काही बोलायचे नाहीत.

पुढं लकव्यानं तिचं एक अंग गेलं. पाय उचलेनात. तिला उचलून बिछान्यावरून खुर्चीत, खुर्चीतून गाडीत घ्यावं लागायचं. मालेमला एकटीला ते झेपायचं नाही, आणि जावयानं सासूला हात लावायचा नाही. हे मुलाचं काम होतं. तेरकेलिनचे दंड असे की आख्खं चाक एका हातानं उचलायचा, पण तो दाराबाहेर उभा राहायचा आणि आतून मालेमचा धापा टाकण्याचा आवाज ऐकायचा. मग धावत जाऊन शेजारच्या कुणाला बोलवून आणायचा. त्या महिन्यांत उकुर नसणं त्याला जितकं बोचलं तितकं मयतातही बोचलं नव्हतं.

शेवटच्या दिवसांत नांदे उकुरनं मालेमला जवळ बसवलं. दार उघडं होतं, तेरकेलिन बाहेर चटईवर होता. ती जडावलेल्या जिभेनं म्हणाली, "त्याला सांग, दुकान बंद कर. माझा मुलगा त्या हवेनं नेला. माझ्या मुलीचा नवरा तरी राहू दे." तेरकेलिनला ते ऐकू आलं होतं. पण निरोप मधल्या माणसाकडून यायचा असतो, म्हणून तो थांबला. मालेमला रडण्यामुळं बोलता येत नव्हतं. तो बराच वेळ थांबला. शेवटी मालेम दारात आली आणि तिनं तेच शब्द पुन्हा सांगितले. तो म्हणाला, "सांग, केलं."

तिच्या मयताला तोच पुन्हा चुलीपाशी होता. भात त्यानंच उतरवला. या वेळी नांदे उकुरच्या उशाशी मालेम एकटी होती.

दुकान त्यानं खरोखरच बंद केलं. कंप्रेसर, जॅक, टाम्या सगळं दिलं, आणि पिंजरा जमिनीतून उखडून चढाच्या अलीकडच्या पेरानगिन-आनगिन घराण्याच्या टायरच्या दुकानात फुकट पोचवला. अट एकच घातली, की हवा यातच भरायची. त्यांनी कबूल केलं. तेरकेलिन आता सासूच्या संत्र्याच्या बागेत काम करतो. हात टायरचे आहेत, छाटणी त्याला अजून नीट जमत नाही. मालेम मागून येऊन चुकीच्या फांद्या दाखवते आणि तो दुरुस्त करतो.

सोमवारी संत्री घेऊन तो बाजाराला जातो. वाटेत ते दुकान लागतं. तिथं पिंजरा मागच्या कोपऱ्यात सरकवलेला असतो, त्यात रिकामे डबे, तुटके आरसे, कुणाचा तरी रेनकोट कोंबलेला असतो, आणि पुढं जमिनीवर चाक आडवं टाकून, त्यावर पाय ठेवून कुणीतरी हवा भरत असतं. तेरकेलिन टोपली रस्त्याकडेला ठेवतो. आत जातो. डबे काढतो, आरसे काढतो, रेनकोट झटकून खिळ्याला अडकवतो. मग पिंजरा ओढत कंप्रेसरपाशी आणून ठेवतो. त्या दुकानातली माणसं भली आहेत, त्यांना त्याची गोष्ट ठाऊक आहे. ती हातातलं काम थांबवतात, चाक पिंजऱ्यात घालतात, तो बाजूला उभा राहून कड बसेपर्यंत थांबतो. मग तो टोपली उचलून बाजाराच्या दिशेनं चालू लागतो. पुढच्या सोमवारी पिंजरा पुन्हा मागच्या कोपऱ्यात असतो.